जाणतं करणं

“या इंग्रजी शब्दाचं घराणं कुठलं गं?” मामंजींनी विचारलं.

मी पडवीत पाटावर बसून कैऱ्या किसत होते. आठवा महिना लागला होता. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून ताट उंच चौरंगावर ठेवलं होतं.

“कुठल्या शब्दाचं?”

“काल तू दीक्षितांच्या पोरीला शिकवत होतीस तो. न्यारेट.”

“नॅरेट, मामंजी.”

“तेच ते. म्हणजे कथा सांगणे ना? मग त्याचा बाप कोण, आजा कोण? सोयरीक करताना कूळ बघतो आपण. शब्द घरात घ्यायचा तर नको बघायला?”

माझे सासरे नरहरबुवा देवस्थळी म्हणजे कृष्णाकाठच्या आमच्या शिरगावचे कीर्तनकार. नृसिंहजयंतीचं कीर्तन वर्षानुवर्षं त्यांचंच. पूर्वरंगात एखादा शब्द घ्यायचा, त्याला उलटापालटा करून त्याचं कूळ शोधायचं, आणि तिथून देवापर्यंत पोचायचं, ही त्यांची आवड. त्या वर्षी नव्या साखर कारखान्यातले इंजिनियर येणार होते, म्हणून बुवांना विलायती शब्द हवा होता. सांगलीला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली सून घरात होतीच. मला कीर्तनाचं वेड माहेरपासूनचं. या घरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी मी विचारलं होतं, सासरे कीर्तन करतात ते हेच का.

“लॅटिनमधून आलाय,” मी म्हटलं. “तिथे ‘नारारे’ म्हणजे सांगणे. आणि तो आला ‘ग्नारुस’वरून. ग्नारुस म्हणजे जाणणारा. पुढचा ‘ग’ वापरात झिजून गेला.”

“ग्नारुस.” त्यांनी तो शब्द विड्यासारखा तोंडात घोळवला. “ग्ना… ज्ञा… अगं, हा तर आपला ज्ञा!”

“हो. आमचे सर म्हणायचे, एकाच मूळपुरुषाची ही लेकरं. संस्कृतात ज्ञा, मराठीत जाण, इंग्रजीत नो. त्या नोच्या आधी एक ‘के’ लिहितात, पण तो मुका.”

“मुका म्हणजे?”

“लिहायचा, पण उच्चारायचा नाही.”

“म्हणजे घरात आहे, पण बोलत नाही. आमच्या थोरल्या काकांसारखा!” ते मोठ्यानं हसले.

तबला काखेत धरून बापू गुरव अंगणात उभे होते. बुवांची साथ त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलेली. ते म्हणाले, “बुवा, गादी नारदाची. तिच्यावर इंग्रजी चालतंय व्हय?”

“नारद तिन्ही लोकी फिरायचा बापू. त्याला काय विलायत वाटेत लागली नसेल?”

“लागली आसंल. पर तिथं त्याला चहा पाजून बसवला आसंल. आख्यानाला उशीर नगो.”

मामंजी हसता हसता थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, “मग असं मांडतो. जो जाणतो, तो सांगतो. बरोबर?”

“तसं नाही मामंजी. नुसतं आपण जाणून भागत नाही. दुसऱ्याला जाणतं करायचं. सांगणं म्हणजे ते.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मग अवघड काम आहे गं हे,” ते म्हणाले.

हे बोलणं जयंतीच्या आदल्या दिवशीचं. त्या दिवसांत घरात हसू असं क्वचितच उमटे. हे, माझे यजमान, मिरजेच्या दवाखान्यात होते. साधी कावीळ म्हणून नेलं होतं, पण ती पोटात उतरली आणि ताप हटेना. धाकटे दीर वसंतभाऊजी त्यांच्याजवळ होते. मला जाता येत नव्हतं. माझं पहिलं बाळ आठव्याच महिन्यात, बसचा हादरा बसून गेलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बजावलं होतं, “हिला प्रवास नाही, दगदग नाही, धसका तर मुळीच नाही. हे मूल राहायला हवं.”

म्हणून मी निरोपावर जगत होते. दुपारची मिरज गाडी चावडीपाशी थांबली, की कंडक्टर जाधव खाली उतरून आमच्या बोळाच्या तोंडाशी येई आणि तिथूनच ओरडे, “वैनी, आज पेज घेतली!” किंवा, “वैनी, साहेब तुमची चौकशी करत्यात!” एवढं ऐकून मी आत यायची आणि दुसऱ्या दिवसाच्या गाडीची वाट बघायला लागायची.

जयंतीच्या दिवशी गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी दारात जाऊन उभी राहिले. बोळाच्या तोंडाशी कोणी आलं नाही. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मग बापू गुरव आले, पण पुढच्या दारानं नाही, परसातून, गोठ्याकडून. मामंजी तिथे होते. दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं बघते तर मामंजी पंचा घेऊन नदीकडे निघालेले.

परत आले ते निथळत. डोक्यावरून पाणी घेतलेलं.

“मामंजी, पुन्हा अंघोळ? सकाळीच तर झाली.”

“उकाडा केवढा आहे बघ.”

“गाडी आली ना? जाधव नाही आले.”

“तो पुढे गेला. बापूपाशी बोलला.”

“काय म्हणाला?”

ते ओलं धोतर पिळत होते. पिळून झालं होतं, तरी पिळत होते. “आता ताप नाही,” ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला, की मी देवापाशी साखर ठेवायचंही विसरले आणि तशीच माजघरात गेले. माई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

“माई, ऐकलंत का? ताप उतरला यांचा!”

त्या उठल्या नाहीत. भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, “हो गं बाई.”

“मग उठा ना. नैवेद्याचं करायला हवं. मी पुरण वाटायला घेते.”

तेव्हा मात्र त्या एकदम उठून बसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. “नको. माझी कंबर धरलीय आणि तू चुलीपाशी जायचं नाहीस. नैवेद्य दीक्षितांकडे सांगितलाय.”

“असं कसं माई? देवाचा नैवेद्य कधी बाहेर गेलाय आपला?”

“सांगितलं ना, नाही म्हणून!” त्या ओरडल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “बस इथे. वेणी घालते तुझी. उद्या तुझी आई यायचीय साताऱ्याहून.”

“आई? ती तर पुढच्या आठवड्यात येणार होती.”

“लवकर येतेय. बरंच झालं की.”

त्यांनी माझी वेणी घातली. परसातल्या मोगऱ्याचा गजरा माळला. मग करंड्यातलं कुंकू घेऊन माझं कपाळ पुन्हा भरलं, सकाळचं होतं तरी. मेण नीट लागलं नाही म्हणून पुसून परत लावलं. मी म्हटलं, “माई, कंबरेला शेक देऊ का?” त्यांनी नुसती मान हलवली.

ऊन कलताना आम्ही देवळात गेलो. आमच्या देवाची जयंती तिन्हीसांजेची. देव प्रकट होतो तो दिवस आणि रात्र यांच्या उंबऱ्यावर. त्याआधी सभामंडपात कीर्तन. गाभाऱ्यासमोर एक जुनी लोकरी बैठक अंथरतात, ती नारदाची गादी. बुवा आधी गाभाऱ्यात जाऊन दंडवत घालत, मग त्या गादीला हात लावून तो कपाळी लावत आणि वर उभे राहत. एकदा का ते गादीवर उभे राहिले, की माईसुद्धा त्यांच्या पाया पडायच्या. त्या गादीवर उभं राहून खोटं बोलायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या दिवशी माणसं अंगणात बसलेली दिसली.

“आत नाही?” मी विचारलं.

“आत तगमग होते आज,” मामंजी म्हणाले. “अंगणातच उभा राहतो. सूनबाई, तूही इथेच बस. वारा आहे. आत जाऊ नकोस.”

“दर्शन तरी घेऊन येते ना.”

“इथून दिसतो की देव.” त्यांनी पायरीच्या खालूनच हात जोडले. “तो कुठे आपल्यावाचून अडलाय?”

मला ते पटलं. मंडपाचे दगड तापले होतेच. गादी आतच घडी करून ठेवलेली दिसली, तेव्हा वाटलं, अंगणात धुळीनं मळेल म्हणून आणली नसेल. कारखान्यातला कोणी तरुण पाया पडायला वाकला आणि मामंजी दोन पावलं मागे सरले. तेव्हा वाटलं, दमलेत. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण मी खुशीनं घेत होते. माझ्या नवऱ्याचा ताप उतरला होता.

पूर्वरंग सुरू झाला. चिपळ्या वाजल्या, बापूंनी ठेका धरला. मामंजींचा आवाज थोडा बसल्यासारखा वाटत होता. त्यांनी शब्द घेतला तोच, आमचा.

“मंडळी, आज एक पाहुणा आणलाय. इंग्रजांच्या घरचा. नाव नॅरेट. आमच्या सूनबाईंनी त्याची कुंडली काढली, तर हा निघाला आपलाच भाऊबंद. आपल्या ‘ज्ञा’च्या कुळातला. सांगणारा तो, जो जाणतो.” कारखान्याचे लोक माना डोलवू लागले. “याचाच एक चुलत भाऊ आहे, नो. त्याच्या दाराशी एक अक्षर उभं असतं, मुकं. लिहितात, पण बोलत नाहीत. आता मुकं आहे म्हणजे त्याला ठाऊक नाही असं नव्हे हो…”

इथे ते थांबले. मला वाटलं, आता थोरल्या काकांचा विनोद येणार. तो आला नाही.

“…त्याला सगळं ठाऊक असतं,” एवढंच म्हणून त्यांनी चिपळ्या वाजवल्या आणि नामाचा गजर धरला.

मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. पुजारीबाबा हार घेऊन पायऱ्या उतरले. मामंजी म्हणाले, “देवालाच घाला. दोघांत एक पुरे.” पुजारीबाबांनी आग्रह केला नाही. तसेच मागे वळले. दर वर्षी याच हारावरून दोघांची थट्टामस्करी चाले.

उत्तररंगात आख्यान येई आमच्या देवाचंच. पुराणातलं नव्हे, गावातलं. कृष्णेच्या डोहात देवाची मूर्ती पडून होती. एका गोसाव्याला दृष्टांत झाला. येसा नावाच्या नावाड्यानं डोहात उडी घेतली. दिवस मावळायला आला तरी तो वर येईना. त्याची बायको साळू काठावर उभी, दिवस भरत आलेले. ती गोसाव्याला विचारते, “महाराज, माझा धनी येईल ना?” गोसावी म्हणतो, “येईल माऊली, पदर पसर.” ती पदर पसरते, आणि येसा पाण्यातून वर येऊन मूर्ती तिच्या पदरात घालतो. तोच देवजन्माचा क्षण. साळूचा प्रश्न आला, की गावातल्या साऱ्या बाया पदर पसरून बसतात. गोसाव्याचं उत्तर आलं, की वर घंटा होते आणि पुजारीबाबा पायरीवरून पदरापदरात फुलं टाकत जातात. पदरात आलेलं फूल उशाशी ठेवायचं. ज्या घरी कोणाची वाट बघणं चालू असेल, तिथली बाई ते फूल हमखास नेते. मीही नेणार होते. ते फूल यांच्या उशाशी जावं म्हणून उद्या गाडीवर जाधवांकडे द्यायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

मामंजींनी डोह उभा केला. काळं पाणी, त्यावर फिरणारी घार, काठावर जमलेलं गाव. त्यांच्यासारखं वर्णन मी पुन्हा कोणाचं ऐकलं नाही. येसानं उडी घेतली तेव्हा बापूंचा तबला बंद झाला. सूर्य नदीपलीकडच्या उसावर टेकला होता.

“साळू उभी आहे,” मामंजी म्हणाले. “तिला कोणी सांगत नाही, की पाणी किती खोल आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे. गोसाव्याला ठाऊक आहे. ती विचारते…”

मी पदर पसरला.

“…ती विचारते, महाराज, माझा धनी येईल ना?”

मी वर पायरीकडे बघत होते. पुजारीबाबा फुलांची परडी घेऊन उभे होते. त्यांचा हात घंटेकडे गेला नाही.

मामंजी गप्प होते. चिपळ्या धरलेला हात खाली आला होता. ते साळूकडे, म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या आख्यानाचा शब्द न् शब्द मला पाठ होता. मला हवे होते ते दोनच शब्द. येईल माऊली. मी ते मनातल्या मनात म्हणूनही टाकले, त्यांना आठवण करून द्यावी तसे.

मग मी आजूबाजूला पाहिलं.

पदर माझा एकटीचाच पसरलेला होता. दीक्षितांच्या काकू, पुजारीबाबांची सून, पाटलीणबाई, चावडीजवळच्या साऱ्या बाया. प्रत्येकीचा पदर तोंडाशी होता.

कंबर धरलेल्या माई माझ्या पाठीशी बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. मला तो पाठीवर नको होता. मी उठले. कशी उठले माहीत नाही. एरवी दोघींनी धरावं लागे.

“बुवा,” मी म्हटलं. मामंजी नाही म्हटलं. “आत गादी आहे. मी आणून घालते. तिच्यावर उभे राहा आणि उत्तर द्या.”

कोणीतरी म्हणालं, “अहो, तिला धरा.” कोणी धरलं नाही.

“कुमुद, खाली बस बाळा,” माई म्हणाल्या.

मी पायरीकडे निघाले. पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात मामंजी पुढे झाले. कीर्तनाचं उपरणं त्यांच्या खांद्यावरून घसरून खाली पडलं होतं.

“मुली,” ते म्हणाले, “आज मला त्या गादीला शिवता येत नाही.”

मी थांबले.

“तुलाही नाही,” ते म्हणाले.

सूर्य उसाखाली गेला. वेळ कोणासाठी थांबत नाही, देवाची तर नाहीच. वर पुजारीबाबांनी घंटा वाजवली, रडत रडतच वाजवली. आत देवाचा जन्म झाला आणि आम्ही सुतकातली तीन माणसं पायरीच्या खाली उभी राहिलो. फुलं कोणी टाकली नाहीत. माझा पदर अजून हातातच होता, दोन्ही टोकं धरलेली. मामंजींनी पुढे येऊन ती टोकं माझ्या हातातून सोडवली आणि पदर माझ्या खांद्यावर घातला, लहान मुलीला घालावा तसा.

दुसऱ्या दिवशी आई आली. माझ्याभोवती बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यातून एकेक गोष्ट मला कळत गेली. हे पहाटेच गेले होते. मिरजेला वसंतभाऊजी बापाची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबले होते. जाधवांनी मिरजेला परतणारी गाडी गावाबाहेरच्या वळणावर थांबवून धरली होती, बुवा तिथे चढतील म्हणून. बुवा चढले नाहीत. ते गेले असते तर कीर्तन राहिलं असतं, आणि कीर्तन राहिलं असतं तर मी विचारलं असतं का राहिलं. आई येईपर्यंत मला सांभाळायचं, एवढंच घरानं आणि गावानं मिळून ठरवलं होतं. पुजारीबाबांनी अंगणापुरती मोकळीक दिली होती. म्हणाले होते, “देवाला मी समजावतो.” थोरल्या मुलाला अग्नी बापानं द्यायचा, तो धाकट्या भावानं दिला. मामंजींनी मुलाचं तोंड पाहिलं नाही.

मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. राग नव्हता तो. मूल झालं, मुलगी, जिवंत, रडकी. तिला बघायला ते दाराशी आले आणि बाहेरच उभे राहिले, तेव्हा मी विचारलं.

“का नाही गेलात, मामंजी? दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलंच असतं मला.”

ते उंबऱ्याबाहेर खाली बसले.

“जाऊन माझ्या दिगूला काय सांगणार होतो? त्याला आता सगळं ठाऊक झालं होतं. इथे तू होतीस.” ते बाळाकडे बघत होते. “मी लपवायलाच उभा राहिलो होतो गं. खरंच. माझ्या मनात होतं, येईल म्हणून टाकू. पायाखाली गादी नाही, नारद बघत नाही. शब्द घशापर्यंत आला.”

“मग?”

“तू पदर पसरलास.”

बाळ रडायला लागलं. मी तिला पदराखाली घेतलं. ते उठले, भिंत धरून.

“तू म्हणाली होतीस ना, नुसतं जाणून भागत नाही म्हणून,” ते म्हणाले आणि नदीकडे निघून गेले.

त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. पुढेही त्यांनी ते कीर्तन कितीतरी वर्षं केलं, गादीवर उभं राहून. आख्यान तेच, डोह तोच. साळू विचारायची, माझा धनी येईल ना. बाया पदर पसरायच्या. मामंजी पुजारीबाबांकडे बघून मान हलवायचे, घंटा व्हायची, फुलं पडायची. पण गोसाव्याचं उत्तर त्यांनी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.